न पिणाऱ्यांचं टेबल

हॉलमध्ये दारूचं टेबल अगदी दारासमोर होतं. बारा फूट लांब, वरून दिवे सोडलेले, मागे आरसा. आरसा कशाला, तर चाळीस बाटल्यांच्या ऐंशी दिसाव्यात म्हणून. आणि न पिणाऱ्यांचं टेबल खांबामागे, हात धुण्याच्या बेसिनला लागून. तिथवर पोचायचं तर आधी कुणाला तरी विचारावं लागे, आणि विचारलं की आजूबाजूच्या चौघांना कळे की हा आपल्यातला नाही. मग ते चौघं त्याच्याकडे असं बघत, की जणू त्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय.

त्या टेबलामागे गेली एकोणीस वर्षं मावशी उभी होती. मॅनेजरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ती मावशी, आणि त्यातल्या निम्म्यांना ती मनातल्या मनात गाढव म्हणायची. तोंडानं मात्र साहेब.

ती आली होती ग्लास धुवायला. ग्लास धुता धुता तिला माणसं कळली. दारूच्या टेबलावरचे ग्लास चाटूनपुसून परत यायचे. दुसऱ्या टेबलावरचे यायचे तसेच भरलेले, नारिंगी. त्या काळी न पिणाऱ्यांसाठी एकच गोष्ट असे: पिठासारखी पूड, बादलीभर पाणी आणि ढवळायला भाताचा डाव. प्यायलं की जीभ दोन दिवस रंगलेली. लोक तीन घोट घेत आणि उरलेलं कुंडीत ओतत. कुंडीतलं झाड दर दोन महिन्यांनी मरे आणि मॅनेजर माळ्याला झापे.

मावशीनं तेव्हाच्या मॅनेजरला एकदा विचारलं होतं, "साहेब, हे तुम्ही कधी पिऊन बघितलंत का?"

"मी कशाला पिऊ? मी पिणारा आहे."

"मग जे पीत नाहीत त्यांना जरा चवीचं काही..."

"अहो मावशी, ज्यांना प्यायचंच नाही त्यांना चवीचं काय करायचंय?"

हे वाक्य मावशीनं आयुष्यात कुणाला माफ केलं नाही. तो मॅनेजर गेला, त्याच्यामागून आणखी तीन आले आणि गेले, पण प्रत्येकाच्या डोक्यात तेच वाक्य बसलेलं, जणू खुर्चीबरोबरच मिळत होतं.

टेबल तिच्या ताब्यात आलं ते आधीची बाई सोडून गेली म्हणून. मावशीनं पहिल्या दिवशी ती बादली पालथी घातली. सकाळी आठला येऊन, देवाचं नाव घेऊन ती गॅस पेटवायची आणि कडक काळा चहा उकळायला ठेवायची. आलं ठेचायची, संत्र्याच्या साली चिमट्यात धरून सरळ जाळावर करपवायची, मिरी आणि दालचिनी भरड करायची. सगळं गार झालं की गाळून त्यात मीठ आणि शेवटी लिंबू. साखर जवळपास नाहीच. नवा आचारी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचा. "मावशी, हे कडू आहे."

"हो ना. पोरांसाठी नाहीच ते. पोरांसाठी दूध आहे फ्रिजमध्ये, देऊ?"

तिचा हिशेब साधा होता. पार्टीत कुणाला तहान लागलेली नसते. हात रिकामा दिसू नये एवढंच असतं. गोड पाणी तीन घोटांत संपतं, मग माणूस रिकामा ग्लास घेऊन भिंतीशी उभा, आणि कुणीतरी येऊन म्हणतो, अरे तुझा संपला, चल माझ्याबरोबर. कडू, आंबट, घशाला जरा चटका देणारं असलं की दमानं प्यावं लागतं. एक ग्लास अर्धा तास पुरतो. आणि ग्लास तोच, जाड बुडाचा, दारूच्या टेबलावर असतो तोच. त्यासाठी ती दोन वर्षं भांडली. आधी न पिणाऱ्यांना प्लॅस्टिकचा पेला द्यायचे, वर नळी आणि कागदाची छत्री. पन्नाशीचा, केस पिकलेला, चार माणसांवर हुकूम चालवणारा गृहस्थ, आणि त्याच्या हातात कागदाची छत्री. ज्याच्या डोक्यातून ही छत्री निघाली त्याला मावशीला एकदा भेटायचं होतं.

दुसरा नियम म्हणजे का पीत नाही हे कुणाला विचारायचं नाही. पोटुशी बाई येई, जिनं घरात अजून सांगितलेलं नसे. गाडी चालवणारा येई. औषधं चालू असलेला येई. ज्याला त्याचा देव परवानगी देत नाही असा येई, आणि ज्याला नुसतीच आवडत नाही असाही येई. या शेवटच्याचे हाल सगळ्यात वाईट, कारण त्याच्याकडे दाखवायला काही कारणच नाही. मावशी सगळ्यांना एकाच हातानं ग्लास द्यायची.

तिचा तिरस्कार राखीव होता तो यजमानांसाठी. पत्रिकेवर सोनेरी अक्षरं, दारात फुलांची कमान, दारूचे अठरा प्रकार तोंडपाठ, आणि न पिणारे किती म्हटलं की यांची बोबडी वळायची. "असतील दहाबारा. बघा ना तुम्ही काहीतरी." आपल्या सख्ख्या काकूची 'काहीतरी'त बोळवण करणारे हे लोक, आणि भाषणात म्हणायचे, तुम्ही सगळे आमच्या कुटुंबासारखे. मावशी खांबामागून ऐकायची आणि संत्र्याची साल जरा जास्तच करपवायची.

आता हे सगळं खरं असलं तरी तिच्या घरातही एक पिणारा होता. धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत पंचवीस वर्षं मेकॅनिक, हात सोन्याचा, आणि त्यातली नऊ वर्षं दारूत. त्याच्याबद्दल मावशीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "दहाव्या मजल्यावर अडकलेली माणसं सोडवतो. स्वतः तळमजल्यात अडकलाय." त्याची कीव करावी असं तिला कधी वाटलं नाही. रडून पायावर डोकं ठेवायचा, तेव्हा ती पाय मागे घ्यायची. देवाकडेही तिनं त्याच्यासाठी काही मागितलं नव्हतं. देवाला दिसत होतं, आणखी काय सांगायचं.

पण गेल्या अकरा महिन्यांत त्यानं थेंब घेतला नव्हता. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती. ती चालू असताना दारूचा अंश जरी पोटात गेला तरी अंग पेटून उठतं. तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारून. आणि भावजयीनं बजावलं होतं ते वेगळंच. ती शिवणकाम करायची, माप एकदाच घ्यायची आणि कात्री लावली की मागे बघायची नाही. मावशीच्या समोरच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, "परत कधी वास आला तर मी मुलींना घेऊन आईकडे जाईन. ओरडणार नाही, रडणार नाही. बॅग भरून ठेवलीय." बॅग खरंच भरलेली होती. मावशीनं कॉटखाली बघितली होती.

आता त्या लिफ्ट कंपनीनं पंचवीस वर्षं झालेल्यांचा सत्कार ठरवला, तो नेमका याच हॉलमध्ये, रविवारी दुपारी, जेवणासकट. भावाला जोडीनं बोलावलं होतं. मावशीला बरंच वाटलं. म्हणाली, "ये सरळ खांबामागे. तुझा ग्लास मी भरून ठेवते. कुणाच्या बापाला कळणार नाही त्यात काय आहे."

शनिवारी संध्याकाळी मावशी पातेलं काढायला गेली तर तिच्या टेबलाखाली बारा खोके. हिरव्या बाटल्या, त्यावर डोंगराचं चित्र. नवा मॅनेजर शेजारी उभा होता. पोट सुटलेलं आणि टाय आखूड, त्यामुळे टाय पोटावर आडवा झोपायचा. सगळे त्याला टायवाला म्हणत.

"मावशी, उद्यापासून तुमची सुट्टी. म्हणजे पातेल्याची. आता हेच. न पिणाऱ्यांसाठी खास. बिअरसारखी दिसते, बिअरसारखी लागते, आणि आत काही नाही. वेटर दारातच हातात देतील."

मावशीनं बाटली उचलली, चष्मा लावला. पुढची मोठी अक्षरं सोडली, कारण मोठ्या अक्षरांत कुणी खरं लिहीत नाही. मागे खाली, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढा आकडा होता.

"साहेब, इथे दोन टक्के लिहिलंय."

"हलकी आहे ना ती. हलकी म्हणजे नसल्यातच जमा."

"नसल्यात जमा आहे तर लिहिलं कशाला?"

"कायदा असतो, मावशी. तुम्हाला नाही कळायचं. असं बघा, तुमच्या मुलाला परीक्षेत दोन टक्के पडले तर तुम्ही काय म्हणाल? शून्यच पडले म्हणाल ना?" बारवाला शेजारीच होता, तो हसला. टायवाल्याला बरं वाटलं.

"मी म्हणेन दोन पडले," मावशी म्हणाली. "साहेब, गोळ्या चालू असलेली माणसं असतात. पोटुश्या बायका असतात. देवाला शब्द दिलेले असतात. ज्यांना नको आहे त्यांना दोनही नको असतात."

"तुमच्या या कडू काढ्यापेक्षा बरं. परवा एक पाहुणे म्हणाले, तुमच्याकडे न पिणाऱ्यांना शिक्षा करतात वाटतं."

"ते पिणारेच होते. चुकून माझ्या टेबलाशी आले होते."

टायवाल्यानं टाय सरळ केला, तो पुन्हा झोपला. "ठरलंय ते ठरलंय. बाटल्यांवर पाटी मी छापून आणलीय."

पाटीवर लिहिलं होतं, 'बिनदारूचे पेय'. मावशीनं ती वाचली आणि त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. असा माणूस तिनं पूर्वीही बघितला होता. पायरीवर तेल सांडलेलं दिसतं, पण त्याला ते पुसायचं नसतं, वर पायपुसणं टाकायचं असतं.

तिनं घरी जाऊन भावाला फोन लावला. लागला नाही. दुसऱ्यांदा भावजयीनं उचलला. तो बंद लिफ्टवर गेलेला, फोन घरीच. "काही काम होतं का, ताई?" दारू हा शब्द त्या घरात अकरा महिने कुणी काढला नव्हता. भरलेल्या बॅगेच्या घरात तो फोनवरून कसा टाकायचा. उद्या समोरच सांगू म्हणून ती म्हणाली, "काही नाही. उद्या आल्या आल्या माझ्याकडे या म्हणावं." याबद्दल तिनं पुढे स्वतःलाही माफ केलं नाही.

रविवारी सकाळी तिनं पातेलं तरीही चढवलं. टायवाला ओरडला तर ओरडला. बारा वाजता दार उघडलं, आणि तिला हात पुसून बाहेर यायला उशीर झाला तो फक्त लिंबं पिळण्यापुरता. दारातले वेटर ट्रे घेऊन उभेच होते. येणाऱ्याला विचारत होते, "साहेब, घेणार की बिनदारूचं?" म्हणजे चारचौघांत. न घेणाऱ्याच्या हातात हिरवी बाटली. मावशीनं गर्दीत मान उंच करून बघितलं. भावजय कंपनीच्या साहेबांच्या बायकोशी बोलत होती. भाऊ दिसेना.

दिसला तो वीस मिनिटांनी, बेसिनशी. कडेला धरून वाकलेला. मान वर केली तेव्हा तोंड बिटासारखं लाल, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. "ताई," तो म्हणाला, "मी काही घेतलं नाही गं." आणि पुन्हा वाकला.

मावशीनं त्याला काखेत धरून स्वयंपाकघरात नेलं, पिठाच्या पिंपावर बसवलं, कॉलरचं बटण काढलं. डॉक्टरांचा नंबर भावजयीकडे. म्हणजे भावजयीला बोलवायलाच हवं होतं.

ती आली, दारात थांबली. नवऱ्याचा लाल चेहरा बघितला, शर्टावरचा वास तिच्यापर्यंत पोचला. तिच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. शिवण उसवलेलं कापड बघावं तसं तिनं बघितलं. पर्समधून फोन काढून डॉक्टरांना लावला, विचारलं ते सांगितलं, ऐकलं ते केलं. आडवं करायचं, नाडी बघायची, पाणी द्यायचं, श्वास लागला तर लगेच दवाखान्यात. चार वाक्यांत सगळं. मग फोन ठेवून म्हणाली, "ताई, यांच्याजवळ थांबा. मी मुलींना शेजारून घेऊन तशीच पुढे जाते."

"थांब," मावशी म्हणाली.

"मी काय बोलले होते ते तुम्ही ऐकलं होतंत."

एवढ्यात कंपनीचे साहेब आले, मागोमाग टायवाला. कुणीतरी बातमी नेलीच होती. साहेबांनी पिंपाशेजारी आडव्या झालेल्या माणसाकडे बघितलं. "काय झालं यांना?"

"काही नाही साहेब," टायवाला पुढे झाला. "अशी माणसं असतात. न पिणाऱ्यांत नाव लिहायचं आणि बारवरून गुपचूप घ्यायची. आम्ही रोज बघतो. तुम्ही चला, मी यांना मागच्या दारानं बाहेर काढतो."

मावशीनं आजवर त्याला गाढवच समजलं होतं. तिला वाटलं, आपण गाढवावर अन्याय केला.

ती टेबलाखालून हिरवी बाटली घेऊन आली आणि साहेबांच्या हातात दिली. "मागे बघा. बारकोडच्या शेजारी. चष्मा हवा तर माझा घ्या."

साहेबांनी बाटली दिव्याकडे धरली. "दोन टक्के."

"ही यांनी दारात वाटली. बिनदारूचं पेय म्हणून, छापील पाटी लावून. माझ्या भावाला गोळी चालू आहे, अंश चालत नाही. मी काल यांना सांगितलं. यांनी मला परीक्षेचे मार्क सांगितले."

"मावशी, साहेबांसमोर उगाच..."

"मीच दिली," मागून वेटर म्हणाला. त्याच्या हातात अजून ट्रे होता. "दारात. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की काही नाही ना यात. मी म्हटलं नाही. मला तसंच सांगायला सांगितलं होतं."

टायवाल्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू उद्यापासून याची इथे गरज नाही. मग साहेबांकडे वळून हसला. हसणं टायइतकंच आखूड पडलं. "साहेब, दोन टक्क्यांनी काय होतं हो. यांचीच तब्येत नाजूक."

"बाकीच्या किती जणांना दिलीत?" साहेबांनी विचारलं. न पिणारे किती हे टायवाल्यानं मोजलेच नव्हते. "आधी त्या सगळ्या परत घ्या. प्रत्येकाला कारण सांगून. तुम्ही स्वतः," साहेब म्हणाले. टायवाला गेला, ट्रे हातात घेऊन.

भावजय मात्र तिथून हलली नव्हती. बाटलीवरचा आकडा तिनंही वाचला होता. पण कात्री लावायच्या आधी ती माप घेतेच. नवऱ्याशेजारी बसली.

"किती प्यायलात?"

"अर्धी."

"आणि उरलेली?"

"खिडकीत ठेवली. पडद्यामागे. जिन्याजवळच्या."

ती उठली, गेली आणि बाटली घेऊन आली. अर्धीच होती. तिनं ती दिव्यासमोर धरली, वास घेतला, खाली ठेवली.

"का ठेवलीत? आत काही नाही असं सांगितलं होतं ना?"

त्यानं डोळे मिटलेले होते. "चव ओळखीची लागली," तो म्हणाला. "मला वाटलं, चवच आठवतेय. फार बरी लागली. म्हणून ठेवली. लपवली, कारण तुला दिसली तर तू विचारशील, आणि मला सांगता येईना की साधं पाणी मला एवढं का आवडलं."

मावशी तोंड फिरवून गॅसकडे बघत राहिली. नऊ वर्षं या माणसानं तिच्यासमोर शपथा घेतल्या होत्या, आईच्या, मुलींच्या, देवाच्या. त्यातलं एकही वाक्य तिला कधी खरं वाटलं नव्हतं.

बाहेर माईकवर नावं पुकारायला सुरुवात झाली होती. भावजयीनं त्याची नाडी पुन्हा बघितली, घड्याळाकडे बघून मोजली. लाली उतरत होती.

"बसवतंय का?"

"बसवतंय."

"मग बसा. स्टेजवर जायची गरज नाही. तुमचं बक्षीस मी घेऊन येते." उठता उठता तिनं रुमालानं अर्ध्या बाटलीचं तोंड बांधलं आणि ती पर्समध्ये उभी ठेवली.

"ती कशाला घेतलीस?" मावशीनं विचारलं.

"गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय ना यांना. हे एकटे जाऊन सांगतील तर डॉक्टरांना बहाणा वाटेल. नऊ वर्षं तसंच चाललं होतं, त्यांचा दोष नाही." तिनं पर्सची चेन ओढली. "मी बरोबर जाईन. मी सांगेन, हे अर्धीच प्यायले होते, आणि उरलेली मी मोजलीय."